ताप पाखरांचा नव्हे, गवतातला

पक्षी बघायला गेल्याने बर्ड फ्लू होत नाही. थंडीच्या दिवसांत हे वाक्य मी इतक्यांदा बोलतो, की त्याची पाटीच करून दवाखान्याच्या दारावर टांगावी म्हणतो. तापीवर प्रकाशा-सारंगखेड्याच्या बॅरेजच्या पाण्यात चक्रवाक आणि थापट्या बदकं उतरली, की त्याच सुमारास मोबाइलवर तो मेसेजही उतरतो: परदेशी पक्ष्यांपासून लांब राहा, मुलांना नदीकाठच्या बागेत नेऊ नका. मग आजोबांची सकाळची फेरी बंद, नातवाची दुर्बीण कपाटात.

भीती कुठून आली हे मला माहीत आहे. भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक आपल्याच नवापुरात झाला, फेब्रुवारी २००६ मध्ये. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, अंड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. २०२१ मध्ये पुन्हा तेच. पण त्या भीतीत एक गोष्ट राहून गेली. २००६ साली नवापुरात तपासलेल्या माणसांपैकी एकालाही लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही. हा विषाणू माणसात सहजी शिरत नाही. आजारी पक्ष्याची लाळ, विष्ठा किंवा रक्त हाताला लागून नाकातोंडात, डोळ्यांत गेलं, तर धोका. पन्नास फुटांवरच्या शेकाट्याचे तांबडे पाय दुर्बिणीतून पाहिल्याने नाही.

आणि गंमत बघा. पाखरांच्या भीतीने नदी सोडणाऱ्या याच घरांत दुपारी मान टाकलेली कोंबडी संध्याकाळी चुलीवर चढते. उघड्या हातांनी कापायची, पिसं काढायची, शेजारी पोर खेळतंय. विचारलं तर उत्तर तयार: ‘साहेब, घरचीच होती.’ घरची असो की दारची, अचानक मेलेल्या कोंबडीला हात लावू नका, खाऊ नका, नदीत तर अजिबात टाकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. निरोगी कोंबडीचं मटण नीट शिजलं, अंडं पूर्ण उकडलं, की बिनघोर खा.

गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त मास्तर, आप्पा, आले. आठवडाभर ताप, डोकं ठणकतंय, अंग मोडून आलेलं. सूनबाई दारातूनच म्हणाल्या, ‘पाखरेसनी हवा लागनी, साहेब.’ आप्पांना नदीकाठी तासन् तास बसून खंड्या, सुरय बघण्याचा नाद. गावात एकाने दोन सलाइन लावल्या होत्या, एक ‘तापाची सुई’ मारली होती, मेडिकलमधून अँटिबायोटिकही आणून झालं होतं. वर इंटरनेटवरचा कसला तरी काढा. मी सदरा वर करायला सांगितला. आप्पा लाजले. पायजम्याच्या नाडीखाली, जिथे सहसा कुणी बघत नाही, तिथे विडीचा चटका बसावा तशी काळी खपली होती, कडेने लालसर. दुखत नव्हती, खाजत नव्हती, म्हणून त्यांनाही पत्ता नव्हता. जांघेत गाठ आलेली.

हा स्क्रब टायफस. गवतात, झुडपांत बारीक किड्यांच्या अळ्या असतात, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढ्या. त्यांच्या चाव्यातून जंतू शिरतात आणि ताप साधारण दहा-बारा दिवसांनी येतो. तोवर कुठे बसलो होतो हे माणूस विसरलेला असतो. पावसाळ्यानंतर हा आजार वाढतो; २०१८ मध्ये विदर्भात त्याने माणसं दगावली. वेळेत कळला तर औषध स्वस्त आहे, दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. आप्पाही बरे झाले. पण त्यांनी आधी घेतलेली गोळी या जंतूवर चालतच नाही. औषधाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण उद्या तुम्ही तेच मागायला मेडिकलच्या काउंटरवर उभे राहाल. मी ओळखतो तुम्हाला.

तर पक्षी बघायला जा. खुशाल जा. शहाद्याजवळच्या जंगलात १९९७ मध्ये वन पिंगळा पुन्हा सापडला, १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पत्ता नव्हता. तो बघायला लांबलांबचे लोक आपल्याकडे येतात, आणि आपण पोरांना घरात कोंडतो! साखर-बीपीवाल्यांनी तर जावंच. फिरणं होतं, मन रमतं. फक्त गवतात बूड टेकू नका. बाक असेल तर बाक, नाहीतर घडीचं स्टूल. पूर्ण बाह्या, पायमोज्यात खोचलेली पँट. घरी आल्यावर साबण लावून आंघोळ, कपडे लगेच धुवायला. काखा, जांघा, कमरेचा पट्टा नीट बघायचा. लहान मुलांचं आईने बघायचं.

ताप तीन दिवसांवर गेला, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा: नदीकाठी गेलो होतो, किंवा घरच्या कोंबड्या मेल्या. हे एक वाक्य निम्मं निदान करतं. धाप लागली, लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा सारखा झोपू लागला, तर भगताकडे नाही, सलाइनवाल्याकडे नाही आणि माझ्या दवाखान्यात नंबर लावूनही बसू नका. १०८ ला फोन करा आणि थेट जिल्हा रुग्णालय गाठा, रात्र असली तरी.