भामरागडच्या साइटवर निघालेल्या भाच्याला

चंद्रपूर

चि. अनिकेत,

भामरागडच्या वसतिगृहाचं काम तुझ्याकडे आलं, फार बरं वाटलं. पर्यावरणपूरक बांधकाम तू कॉलेजात शिकलासच. मला बोलायचंय ते सिमेंटच्या गोदामाबद्दल.

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. त्या धास्तीने उन्हाळ्यातच वर्षभराचं सिमेंट भरून ठेवण्याचा मोह होतो. तो टाळ. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद घटते, ओल लागली तर त्याआधीच ढेकळं होतात. हे सिमेंट आपल्याच जिल्ह्यात, गडचांदूर-घुग्घुसकडे बनतं. चुनखडी भाजतानाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, भट्टीच्या कोळशाचा धूर वेगळा. एक गोणी वाया गेली की हे सगळं फुकट गेलं. माझ्या मते साइटवरचं सर्वांत मोठं प्रदूषण हेच, आणि ते कुठल्याच अहवालात दिसत नाही.

म्हणून स्लॅब पावसाआधी पडेल असाच बेत आख. मग झडीच्या दिवसांत आतलं प्लॅस्टर, फरशी चालू राहील आणि तेवढ्यापुरत्याच गोण्या लागतील. त्या फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रच. थप्पी दहाच्या वर नको. प्रत्येक थप्पीवर खडूने तारीख घाल. आधी आलेली आधी वापरायची.

वीजकेंद्राच्या राखेच्या विटा इथून न्यायचा विचार असेल तर वाहतुकीचा आणि तुटफुटीचा हिशेब आधी मांड. राख वापरायचीच तर त्यापेक्षा पीपीसी सिमेंट घे, त्यात 15 ते 35 टक्के राखच असते. मात्र कडक उन्हात त्याला 14 दिवस क्युरिंग लागतं. गावाच्या हातपंपावर पाइप लावून पाणी वाहू देऊ नकोस. स्लॅबवर तणस पसर आणि पहाटे-संध्याकाळी भिजव, निम्म्याहून कमी पाण्यात भागेल.

10 जून ते 30 सप्टेंबर नदीतून रेती काढायला बंदी असते. ती आधीच रॉयल्टीच्या पावतीसह साठव. रात्री बिनपावतीचा टिप्पर आला तर परत पाठव, ठेकेदार कितीही कुरकुरला तरी.

परांचीचे बांबू ग्रामसभेकडून रीतसर घे. मेंढा-लेखा गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, तरी स्वतःचा बांबू विकायला 2011 उजाडलं. इतक्या कष्टाने मिळालेल्या हक्काचा पैसा दलालाकडे जाऊ नये.

निघण्याआधी महिनावार सिमेंटचा तक्ता करून मला पाठव. मी पाहून देतो.

तुझा,
मामा