तो स्विच शॉर्ट करू नकोस

चि. भाच्यास, मामाचे अनेक आशीर्वाद.

काल ताईचा फोन आला. तुझा अँप्लिफायर ऐन गाण्यात बंद पडतो, म्हणून त्याचा थर्मल स्विच शॉर्ट करायचा तुझा बेत आहे म्हणे. ऐकल्यापासून मामाचं कशात लक्ष नाही. ताईच्या ऐकण्यात काही चुकलं असेल तर उत्तमच. पण खरंच तसं मनात असेल, तर तो विचार आजच सोड.

बिघाड त्या स्विचमध्ये नाही. हीटसिंक ८० अंशांना पोचला की सर्किट तोडायचं, गार झाला की जोडायचं, एवढंच त्याचं काम, आणि ते तो चोख करतोय. हिशेब करून पाहा. ५० वॉटच्या क्लास एबी चॅनलमध्ये सर्वांत जास्त उष्णता पूर्ण आवाजाला होत नाही, साधारण ४० टक्के शक्तीवर होते, आणि तेव्हा जवळपास २० वॉट नुसते तापण्यात जातात. तुझा हीटसिंक दर वॉटला २ अंश चढणारा. म्हणजे भोवतीच्या हवेपेक्षा ४० अंश वर. कूलर लावलेल्या खोलीत ३५ धरले, तर ७५. अगदी काठावर, पण चालेल. तू मात्र अँप्लिफायर काचेच्या शोकेसमध्ये कोंडलास, वर ताईनं विणलेला रुमाल! आतली हवा ५० झाली की हीटसिंक ९० वर जाणार. नागपूरच्या मे महिन्यात ५० व्हायला कितीसा वेळ लागतो?

आणि हा झाला हीटसिंक. ट्रान्झिस्टरच्या आतली चिप त्याहून तापलेली असते. ती दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट कमी व्होल्टेजवर उघडते. बायस सर्किटनं तेवढं सावरलं नाही तर करंट वाढतो, करंटनं उष्णता, उष्णतेनं आणखी करंट. शेवटी ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो, सप्लायचा डीसी थेट स्पीकरच्या कॉइलमध्ये शिरतो आणि कॉइल जळते. शेजारच्या खोलीत आजी झोपलेली असते रे. स्विच शॉर्ट केलास, तर हे थांबवणार कोण?

त्यापेक्षा अँप्लिफायर शोकेसबाहेर काढ. हीटसिंकच्या पट्ट्या उभ्या ठेव, म्हणजे तापलेली हवा सरळ वर निघून जाईल. ट्रान्झिस्टरखालचा मायका फाटलाय का पाहा, सिलिकॉन पेस्ट पातळच लाव. जाड थर उष्णता अडवतो. बायसचा ट्रान्झिस्टर हीटसिंकला घट्ट बसलाय ना? मोठे कपॅसिटर हीटसिंकपासून लांब हवेत, दर १० अंशांना त्यांचं आयुष्य निम्मं होतं. उघडण्याआधी प्लग काढ आणि ते कपॅसिटर रिकामे झालेत का, मीटर लावून बघ.

फार बोललो का? पण हा नाद मामाचाही होता, हे ताईनं तुला सांगितलं असेलच. जॉन लिन्सली हूड यांचा क्लास ए अँप्लिफायर १९६९ साली 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये छापून आला होता. १० वॉट आवाजासाठी प्रत्येक चॅनल ३० वॉटच्या वर सतत जाळणारा, गाणं नसतानाही तापलेला. तो करायचा म्हणून मामानं लॅमिंग्टन रोडवरून दोन भले मोठे हीटसिंक आणले होते. मग बँकेची नोकरी लागली, घरचं सगळं अंगावर आलं आणि ते माळ्यावर गेले. त्याची हळहळ अजून जात नाही. म्हणून तू शिकवणीच्या पैशांतून ट्रान्सफॉर्मर घेतलास हे कळलं, तेव्हा मामानं ते शेजारीपाजारी दहा जणांना सांगितलं होतं.

ते दोन्ही हीटसिंक पुसून ठेवलेत. शनिवारच्या बसनं पाठवतो, स्टँडवर उतरवून घे, जड आहेत. भोकं पाडण्याआधी फोन कर, मापं दोघं मिळून ठरवू. पहिलं गाणं लागलं की फोन स्पीकरसमोर धर, मामाला ऐकायचंय. तोवर स्विचला हात लावू नकोस, बाळा.

तुझा,
मामा