दुपारची सुट्टी

मुलांनो, अभ्यासामुळे धावायला वेळ मिळत नाही, असे तुम्ही म्हणता ना? मग रॉजर बॅनिस्टर यांची गोष्ट वाचा. ते लंडनमध्ये डॉक्टरीचे शिक्षण घेत होते. १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये ते १५०० मीटर शर्यतीत चौथे आले, पदक हुकले. पण त्यांनी ना अभ्यास सोडला, ना धावणे. दुपारच्या सुट्टीत ते मैदानावर जात. एक फेरी वेगाने धावत, थोडे थांबत आणि पुन्हा धावत. अशा दहा फेऱ्या!

६ मे १९५४ रोजी सकाळी ते रुग्णालयात कामाला गेले. संध्याकाळी ऑक्सफर्डला ते एक मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत धावले. चार मिनिटांच्या आत मैल पूर्ण करणारे ते पहिलेच! पुढे ते नामवंत डॉक्टरही झाले.

सांगा, तुमची दुपारची सुट्टी कशी जाते?