डब्यात साखर कुठून आली?

प्रश्न : महाबळेश्वरकडच्या ओळखीच्या मधपाळाकडून गेल्या मे महिन्यात मी मधाचा 25 किलोचा डबा आणला. अर्ध्या लिटरच्या बाटल्या ‘अर्धा किलो’ म्हणून सोसायटीत विकल्या. पन्नास भरायला हव्या होत्या, पस्तीसच भरल्या. जानेवारीत निम्म्या बाटल्यांत खाली साखर बसली. एका काकांनी मधात काडी बुडवून पेटवली, ती पेटली नाही. आता सगळे पैसे परत मागताहेत. मधपाळानं मापातही मारलं आणि मालातही? आणि दुकानातला मध याहून स्वस्त कसा?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : मधपाळावर दोन आरोप आहेत. मापाचा आधी निकालात काढू, कारण त्यात चोर तुमच्याच घरी निघतो. मध पाण्यापेक्षा बराच जड असतो. एक लिटर पाणी एक किलो भरतं, एक लिटर मध सुमारे 1.4 किलो. म्हणजे तुमच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 700 ग्रॅम मध मावला. आता 25 किलोला 700 ग्रॅमनं भागा. पस्तीस बाटल्या भरून थोडा मध उरतो. मधपाळानं माप चोख दिलं आणि तुम्ही दर बाटलीमागे 200 ग्रॅम फुकट वाटलात. सोसायटीनं खरं तर तुमचे आभार मानायला हवेत. यापुढे वजनकाटा वापरा.

आता साखर. ती घातली माश्यांनीच. मधात साधारण चार भाग साखर आणि एक भागाहून कमी पाणी असतं. त्यातलं फ्रुक्टोज विरघळलेलं राहतं, पण ग्लुकोजला तेवढं पाणी पुरत नाही आणि त्याचे कण होऊन ते तळाशी बसतं. हे सर्वांत वेगानं घडतं 14 अंशांच्या आसपास. कुलाब्याला हिवाळा जाणवत नाही, पण डोंगराच्या कुशीतल्या मुलुंडला जानेवारीतली पहाट बऱ्यापैकी गार असते. ज्यांनी बाटली खिडकीत ठेवली त्यांचा मध बसला असेल, गॅसजवळ ठेवणाऱ्यांचा पातळ राहिला असेल. चौकशी करून पाहा. बाटली कोमट पाण्यात, फार तर 40-45 अंशांच्या, थोडा वेळ ठेवली की मध पुन्हा पातळ होतो. पातेल्यात उकळू मात्र नका.

मग दुकानातला मध वर्षभर पातळ कसा राहतो? बहुतेक कारखान्यांत तो तापवतात आणि बारीक गाळतात. ज्या परागकणांना आणि सूक्ष्म स्फटिकांना धरून साखर बसायला सुरुवात होते, तेच निघून जातात. त्यामुळे पातळ मध भेसळीचाच असं म्हणता येत नाही, आणि बसलेला शुद्धच असंही नाही.

काकांची काडी यातलं काहीच सांगत नाही. ओल्या काडीनं पेट घेतला नाही, एवढंच त्यावरून कळलं. पाण्यात थेंब टाकणं, कागदावर ठेवणं, मुंग्या लागतात का पाहणं, सगळी तीच गत. घट्ट साखरपाकही यात सहज पास होतो. डिसेंबर 2020मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं 13 ब्रँडच्या नमुन्यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर केले. आपल्याकडच्या नेहमीच्या चाचण्या चुकवतील असे साखरेचे पाक बाजारात असल्याचं तेव्हा पुढे आलं. बहुतेक नमुने अडकले ते जर्मनीतल्या प्रयोगशाळेत, एनएमआर चाचणीत. प्रयोगशाळांना चकवणारा पाक आगपेटीला काय दाद देणार?

भावाचं कोडं निम्मं पाकानं सुटतं. उरलेलं निम्मं माशीनं. महाबळेश्वरच्या पेट्यांत असते ती आपली सातेरी. चांगलं साल असलं तरी एका पेटीतून आठ-दहा किलो मध मिळाला तर खूप. उत्तरेत मोहरीच्या शेतांवर ट्रकनं पेट्या हलवणारे लोक मेलिफेरा ही परदेशी माशी पाळतात, आणि ती याच्या कितीतरी पट मध देते. सातेरीचा मध त्या भावात मिळणार नाही. तो परवडेल असा करायचा तर मधली माणसं आणि बाटलीचा खर्च वाचवा. मे महिन्यात, पावसाआधी, डबाच घ्या आणि शेजाऱ्यांना आपापल्या कोरड्या बाटल्या आणायला सांगा. मध यंत्रानं काढलेला आहे की पोळं पिळून, हे विचारा. त्यातलं पाणी किती टक्के तेही विचारा. नियमानं ते 20पेक्षा जास्त नको. थेट माणूस माहीत नसेल, तर महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. जवळच्या मांघरला 2022मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर केलं, तिथंही चौकशी करता येईल.

विक्री नेहमीची करणार असाल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. लहान उलाढालीला ती ऑनलाइन आणि स्वस्तात होते. लेबलावर वजन, तारीख आणि नोंदणी क्रमांक घाला. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, हेही ठळक लिहा. आपल्याकडे बारशाआधीच मध चाटवणाऱ्या आज्या आहेत, पण मधातल्या बोटुलिझमच्या जंतूंचा तान्ह्या बाळाला खरोखर धोका असतो.

पैसे परत द्यायचे ते एकाच तक्रारीला : मधाला फेस आला आणि आंबट वास सुटला तर. झाकण सैल राहिलं की जुलैतली मुंबईची हवा मधात पाणी घालते आणि तो आंबतो.

आणि कुणी दरवर्षी कारवीचा मध मागू लागलं, तर थोडं थांबायला सांगा. एका डोंगरावरची कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. तुमच्या मागच्या राष्ट्रीय उद्यानात ती 2016मध्ये फुलली, मग 2024मध्ये. तिथली पुढची पाळी 2032ची.