पोर्ट मोजलेत, वॅट मोजलेत का?

नाशकात नेटवर्कचा स्विच घ्यायला गेलं की दुकानदार पहिलं विचारतो, ‘किती पोर्टचा देऊ?’ गिऱ्हाईकही तेवढंच सांगून मोकळं होतं. सातपूर-अंबडचे कारखाने आणि दिंडोरी-पिंपळगावकडची पॅकहाउस इथे नेटवर्किंगची कामं करताना या एका प्रश्नावर झालेली खरेदी निस्तरायला मी पुष्कळदा गेलो आहे.

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसचंच बघा. ऐन हंगाम. दिवसभर कॅमेरे ठणठणीत, पण दिवेलागण झाली की एकेक बंद पडायचा. थोड्या वेळानं त्यातले काही परत यायचे, पुन्हा जायचे. कंटेनर भरायचे रात्री, म्हणजे नेमकं बघायचं तेव्हाच स्क्रीन काळी. मालकांनी कॅमेरेवाल्याला झापलं, दोन कॅमेरे बदलले, केबलही नवी ओढून घेतली. दोष त्यातल्या कशातच नव्हता. स्विच १६ पोर्टचा पीओई होता, म्हणजे कॅमेऱ्याला वीजही त्याच केबलमधून देणारा. पण सगळ्या पोर्टना मिळून त्याच्याकडे होते १२० वॅट. १४ कॅमेरे दिवसा साधारण ५-५ वॅट घ्यायचे, म्हणजे ७०. अंधार पडला की इन्फ्रारेड दिवे लागायचे आणि तेच कॅमेरे १०-१० वॅट मागायचे; झाले १४०. मग स्विच शेवटच्या पोर्टांची वीज तोडायचा. दुपारी येऊन तपासणाऱ्या माणसाला यातलं काहीच दिसणार नव्हतं.

म्हणून कोटेशनमध्ये पोर्टच्या आकड्याशेजारी ‘एकूण पीओई बजेट’ लिहून मागा. खोक्यावर ‘प्रत्येक पोर्टला ३० वॅट’ असं ठळक छापलेलं असतं. ते खोटं नसतं, पण सगळ्यांना एकाच वेळी मिळतील असं त्यात कुठं म्हटलेलंही नसतं. बेरीज कॅमेऱ्यांच्या रात्रीच्या वॅटची करा आणि वर निदान पाव हिस्सा मोकळा ठेवा.

साधा की मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, हा दुसरा वाद. चार संगणक आणि एक प्रिंटर असलेल्या ऑफिसला मॅनेज्ड स्विच विकणारा गिऱ्हाइकाला कापतो, असं माझं स्पष्ट मत आहे. कारखान्यात मात्र साधा स्विच महागात पडतो. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये टेबलाखाली लोंबणारं केबलचं टोक कुणीतरी सद्भावनेनं उचलून त्याच स्विचमध्ये खोचलं. झाला लूप! तोच डेटा गोल गोल फिरत वाढत गेला, स्विचचे सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले, टॅली अडकलं, डिस्पॅचची बिलं निघेनात, गेटवर ट्रक खोळंबले. यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री, राडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्येच शोधून ठेवला आहे. लूप दिसला की तो पोर्ट आपोआप अडवला जातो. स्वस्तातल्या मॅनेज्ड स्विचमध्येही ही सोय बहुधा असते. ती चालू आहे ना, एवढं बसवणाऱ्याकडून समोर बघून घ्या. त्यातच व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क, करून कॅमेरे आणि अकाउंट्स वेगळे काढता येतात. लेयर थ्रीचा, म्हणजे या नेटवर्कमध्ये आपापसात डेटा पोहोचवणाऱ्या स्विचचा, आग्रह कुणी धरला, तर ‘आमचा राउटर ते करत नाही का?’ असं विचारा. छोट्या कारखान्यात बहुतेक वेळा तो करतो.

आता जागा. ऑफिसचा स्विच साधारण ४० ते ५० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला असतो. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली, बंद डब्यात, त्याचं काय होईल ते सांगायला नको. तिथे ७५ अंश झेपणारा, पंखा नसलेला इंडस्ट्रियल स्विच घ्या. पॅनेलमधल्या पट्टीवर बसतो तो. आणि एका इमारतीतून दुसरीत जाताना, अंतर १०० मीटरच्या आत असलं तरी, तांब्याची केबल ओढू नका. वळवाच्या विजेचा झटका त्याच केबलनं दोन्हीकडच्या स्विचपर्यंत येतो. तेवढ्या टप्प्याला फायबर टाका. त्यासाठी स्विच घेतानाच एसएफपीची, म्हणजे फायबर जोडायची, खाच असलेला मागून घ्या.