धानातील आखूड पंखांचा भुंगेरा

गडचांदूरकडे कपाशी अधिक, मूल-सिंदेवाहीकडे धान. तथापि दोन्ही पिकांत एक तांबडा-काळा, मुंगीसारखा चपळ किडा आढळतो. लांबी सुमारे ७ मिलिमीटर. पावसाळ्यात तो दिव्यावर येतो व अंगावर चिरडला गेल्यास एकदोन दिवसांत कातडीवर फोड उठतात. म्हणून शेतात तो दिसताच विष फवारण्याचा मोह होतो. पण धानावरील तुडतुडे खाणारा हाच किडा आहे!

स्टॅफिलिनिडी या त्याच्या कुलात ६०,००० हून अधिक जाती वर्णिल्या गेल्या आहेत. वरचे कठीण पंख इतके आखूड, की बहुतेक पोट उघडेच राहते, ही कुलाची खूण. आपली जात पीडेरस फस्किपीस. तिचे वर्णन कर्टिस यांनी १८२६ साली केले. आफ्रिकेतील पीडेरस सबेयस हिला 'नैरोबी माशी' म्हणतात. वस्तुतः ती माशी नव्हे, आपल्या किड्याचीच बहीण होय. दोहींचे रंग सारखे, यास्तव शास्त्रज्ञ रंगावर विसंबत नाहीत. नराच्या जननेंद्रियाची घडण सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहतात. नव्या जातीचा एक नमुना संग्रहालयात जपून ठेवतात व पुढे वाद उद्भवल्यास त्याच्याशीच मेळ घालतात. हिंदुस्थानातील या कुलाचे ग्रंथ माल्कम कॅमरन यांनी १९३० पासून १९३९ पर्यंत प्रसिद्ध केले.

किडा अंगावर बसल्यास चिरडू नये, फुंकून उडवावा. चिरडलाच, तर ती जागा न चोळता साबणाने लगेच धुवावी आणि तो हात डोळ्यांस लावू नये.