भिंतीवरचा गरुड आणि बांधीतली कापशी

चित्रकलेच्या तासाला 'शिकारी पक्षी काढा' असे सांगितले, की बहुतेक कागदांवर पांढऱ्या डोक्याचा गरुड उतरतो. तो अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी; भारतात तो आढळतच नाही. वहीच्या मुखपृष्ठावरून तो आमच्या वसतिगृहात पोचला. ज्यांच्या घरी धान पिकते, त्या मुलांना धान राखणारा पक्षी ठाऊक नसावा, याची आम्हांला खंत वाटली. म्हणून शाळेच्या भिंतीवर तीन चौकटी आखल्या आणि नियम केला : स्वतः पाहिलेलाच पक्षी काढायचा.

पहिली कापशी. आकाराने साधारण कावळ्याएवढी. तिचा पांढरा रंग नुसता पांढरा ठेवला तर चित्र मरते. पाठीला फिकी राखाडी छटा द्यावी, खांद्यावरचा काळा पट्टा गडद असावा, डोळा लाल. तारेवर बसलेली कापशी सोपी. पण हवेत एका जागी पंख फडफडवीत तोललेली, मान खाली वाकविलेली काढली तरच ती खरी. मान वाकते तिथे बहुधा उंदीर असतो. लोंब्या भरल्या की हाच उंदीर धुरा पोखरतो, लोंब्या बिळात साठवितो. पोकळ धुऱ्यातून बांधीतले पाणी झिरपते. कापणीनंतर पुंजण्यातही तोच.

दुसरे गव्हाणी घुबड. येथे कसोटी लागली. "भिंतीवर घुबड नको," असे एका पालकांनी स्पष्ट सांगितले. घुबडाला अशुभ मानणारी घरे आपल्यातही आहेत, हे लपविण्यात अर्थ नाही. आम्ही वाद घातला नाही. घुबड शिकार बहुधा सबंध गिळते आणि न पचलेले केस व हाडे गोळा होऊन तोंडावाटे बाहेर पडतात. पडक्या वाड्याखाली सापडलेले असे गोळे मुलांनी पाण्यात भिजवून टाचणीने सोडविले. आत उंदरांच्या कवट्या निघाल्या, पिवळट दातांसकट. त्या पालकांनी कागदावर मांडलेली एकेक कवटी मोजली. घुबड भिंतीवर राहिले.

त्याचा बदामी चेहरा शोभेचा नाही. पिसांची ती परात आवाज गोळा करते. दोन्ही कान कमी-अधिक उंचीवर असल्याने अंधारातही चाहुलीची जागा अचूक कळते. पंखांच्या कडेला बारीक झालर असते, म्हणून उडताना आवाज होत नाही. ही कड काळ्या रेघेने बांधू नये, ओल्या कुंचल्याने विरू द्यावी.

बांधीत उंच बांबूवर आडवी काठी बांधून पक्षीथांबा केला, तर दिवसा कापशी आणि रात्री घुबड त्यावर बसते. मात्र ब्रोमॅडिओलोनसारखे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो मंदावतो, पक्ष्याच्या तावडीत सापडतो आणि विष पक्ष्याच्या पोटात जाते. घुबड मारणे हा तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हाच आहे. जुनी विहीर बुजविण्यापूर्वी आत घरटे नाही ना, हे एकदा वाकून पाहावे.

तिसरी चौकट रिकामी आहे. तीत गिधाड काढावे, असे मोठ्या मुलांचे म्हणणे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने देशभरातील गिधाडे संपत आणली. २००६ मध्ये त्या वापरावर बंदी आली, तेव्हा फार उशीर झाला होता. मुलांपैकी एकानेही गिधाड पाहिलेले नाही. त्यांच्या आजोबांनी पाहिले आहे. आजोबांच्या सांगण्यावरून काढलेले चित्र आमच्या नियमात बसते की नाही, यावर वर्गात अजून एकमत झालेले नाही.